वेळाणीचा हात

आधीच सांगून टाकते, पुतळ्याला कपडे मी घातले. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. चौकशी समितीपुढंही मी हेच बोलले, तर त्यातल्या एका साहेबांनी चष्मा काढून पुन्हा विचारलं, "कपडे?" म्हटलं, हो, कपडे. पायजमा, सदरा आणि डोक्यावर टोपी. सगळा घात त्या टोपीनं केला.

पण असं मधूनच धरलं तर कुणाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

आमचं वेळाणी खोरं धरणाच्या पाण्यापलीकडं. नऊ गावं. मागं डोंगर आणि जंगल, पुढं पाणी. तालुक्याच्या दवाखान्यात जायचं तर लाँचनं पन्नास मिनिटं, उतरून पुढं गाडीनं आणखी तासभर. पुलाचं भूमिपूजन माझ्या लग्नाच्या साली झालं. माझी पोरगी आता कॉलेजात आहे आणि पूल अजून कागदावर आहे. औषधं, सलाइन, रक्ताच्या पिशव्या ड्रोन आणून टाकतो, ते अगदी वेळेवर. पण ड्रोन माणसाला उचलून नेत नाही. आणि औषध आलं तरी ते द्यायचं कुणी?

बाप्ये सगळे मुंबईला, बाजारपेठेत ओझी वाहायला. आमच्याकडं धडधाकट पुरुष शिमग्याला आणि जत्रेला दिसतो, एरवी फोनवर ऐकू येतो. माझा नवराही त्यातलाच. त्यामुळं दोन वर्षांपूर्वी डॉक्टर समिना मुजावर आमच्या शाळेत सभा घ्यायला आल्या, तेव्हा त्यांच्यापुढं तीस बायका आणि दहा-बारा म्हातारे, एवढंच खोरं बसलं होतं.

मॅडम तरुण होत्या, सरळ बोलत होत्या. "मला सात माणसं हवी आहेत," त्या म्हणाल्या. "आठवीपर्यंत शिकलेली. आणि जी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस खोऱ्यातच असतात अशी."

मागनं कुणीतरी म्हणालं, "मग म्हशी घ्या." सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण त्यांनी वही मिटली नाही.

मी उभी राहिले. अनसूया सपकाळ, बारावी पास, वय बेचाळीस. मला का उभं राहावंसं वाटलं तेही सांगते. त्याच्या आदल्या वर्षी माझी नणंद वत्सला लाँचवर गेली. बाळंत झाली आणि रक्त थांबेना. मी तिच्या उशाशी बसून पदरानं वारा घालत होते. पन्नास मिनिटं वारा. तिला वाऱ्याची गरज नव्हती, तिचं पोट कुणीतरी दाबून धरायला हवं होतं, हे मला नंतर कळलं. त्या पन्नास मिनिटांची मला अजून चीड येते, आणि ती दुसऱ्या कुणाची नाही, माझीच. वत्सलेला जाळून आल्यावर मी ठरवलं होतं की या लाँचवर पुन्हा कुणी मरायला टेकलं तर माझे हात रिकामे असायचे नाहीत.

घरातनं परवानगी हवी होती. घरात शब्द थोरल्या दिरांचा. गाव त्यांना नाना म्हणतं. लाँचही तेच चालवतात. आता आमच्यात अशी रीत आहे की धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी तोंडावर बोलायचं नाही, त्यांनीही नाही. अंगाला स्पर्श तर लांबच राहिला. ते दिसले की पदर डोक्यावर. काय सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं, म्हणजे जाऊबाईंना. आणि तिसरं कुणी नसलं तर भिंतीला. बावीस वर्षं एका घरात राहिलो, पण आमच्यात एक शब्द सरळ गेला नव्हता. यात राग-लोभ काही नाही, मान असतो तो.

नाना जेवायला बसले होते. मी आत चुलीपाशी. ते जाऊबाईंना म्हणाले, "तिला सांग, तीस वर्षं लाँच चालवतोय. अकरा माणसं पाण्यात असतानाच गेली. मागं वळून बघायचीबी भीती वाटती मला. शिकायचं असंल तर नीट शिक म्हणावं."

झालं. सात जणी जमलो.

आता ती बाही काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे. सरकारी नाव भलंमोठं आहे, आम्ही बाहीच म्हणतो. बोटांपासून खांद्यापर्यंत चढवायचा पातळ कापडी मोजा. मेंदूनं हाताला हुकूम सोडला की नसांतून अगदी बारीक वीज धावते. हात हलायच्या आधी ती कातडीवरून पकडता येते. बाहीच्या आतल्या अंगानं शे-दोनशे ठिपके शिवलेले आहेत, ते हा हुकूम वाचतात. आणि तेच ठिपके उलट हलकी वीज सोडून स्नायू ढकलूही शकतात. मनगटावर एक बारका डोळा असतो, समोर मूल आहे, बाई आहे की म्हातारा माणूस आहे ते तो बघतो. मोठमोठ्या डॉक्टरांनी ही बाही घालून हजारो वेळा काम केलं आणि त्यांच्या हातांची ती वळणं तिच्यात साठवली. आपण भलत्या जागी दाबायला निघालो की बाही हात योग्य जागी सरकवते. आई भाकरी शिकवताना पोरीच्या हातावर आपला हात ठेवून परातीत भाकरी फिरवते ना, तसंच. डॉक्टर व्हायला जी वर्षं लागतात ती टळत नाहीत, पण जीव धरून ठेवायची पंधरा-वीस कामं चार महिन्यांत हातात बसतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाही शिकवते तशी शिकतेही. शहरातल्या डॉक्टरचा हात खाटेवरच्या पेशंटला सरावलेला. डुलणाऱ्या लाँचवर गुडघे टेकून दाबायचं त्याला काय ठाऊक? म्हणून एका खोऱ्यातल्या सगळ्या बाह्या दर सोमवारी आपापलं शिकलेलं एकत्र करतात. सातही जणींच्या हातांत जे सारखं सापडतं ते बाही खरं धरते आणि आपल्यात मुरवून घेते. मग आठवी कुणी आली तर तिच्या हातून ते आपोआप होतं. मॅडम याला खोऱ्याचा हात म्हणायच्या.

सराव पुतळ्यावर. रबराचा, पुरा बाप्या, उघडा. पहिल्या दिवशी त्याला पेटीतनं काढला आणि सातही जणी भिंतीकडं तोंड करून हसायला लागल्या. आमच्यातली कल्पना तर वर्गाबाहेरच पळाली. छाती दाबायची म्हटलं की हात पुढं होईना. दोन दिवस असे फुकट गेले. मला आला राग. मी घरी गेले, ट्रंकेतनं माझ्या सासऱ्यांचे जुने कपडे काढले, ते वारून बरीच वर्षं झाली होती, आणि आणून पुतळ्याला चढवले. टोपीसुद्धा. म्हटलं, घ्या, आता हा माणूस झाला.

आणि खरंच जमलं. कल्पनानं त्याचं नाव मामंजी ठेवलं. काम झपाझप सुरू झालं. फक्त एवढंच व्हायचं, की पुतळ्याजवळ बसताना प्रत्येकीचा उजवा हात आपसूक वर जायचा, पदर डोक्यावर सारखा करायचा आणि मग खाली येऊन छातीवर टेकायचा. पोरींच्या अंगात ड्रेस असला तरी ओढणी वर जायचीच. आमच्या ध्यानातही आलं नाही. टोपीवाल्या वडीलधाऱ्यासमोर डोकं झाकताना कुणी विचार करतं का? मॅडम मूळच्या शहरातल्या. त्यांना वाटलं, बायका कामाला लागताना पदर आवरून घेतात.

सात जणी, चार महिने, रोज साठ-सत्तर वेळा. म्हणजे पन्नास हजार वेळा आम्ही त्या रबराच्या माणसाचा मान राखला. बाहीनं काय समजावं? तिनं समजून घेतलं की वेळाणी खोऱ्यात म्हाताऱ्या पुरुषाचं हृदय चालू करायची पहिली पायरी म्हणजे हात डोक्याला लावणं.

पुढचे नऊ-दहा महिने आमचा नुसता उदोउदो झाला, आणि तो खोटा नव्हता. सीताफळाची बी घशात अडकलेलं पोर कल्पनानं वाचवलं. सापाच्या दोन केसेस सुखरूप पलीकडं गेल्या. एक बाळंतीण वत्सलेसारखीच रक्तानं लाल होऊन लाँचवर आली. पन्नास मिनिटं मी तिचं पोट दाबून धरलं आणि ती जगली. त्या दिवशी घरी येऊन भांडी घासता घासता मी मोकळी रडले. राज्यातल्या अशा चाळीस खोऱ्यांत आमचा हात पहिला आला. ठरलं की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बाकीच्या एकोणचाळीस खोऱ्यांतल्या बाह्यांत वेळाणीचाच हात घालायचा. पेढे वाटले आम्ही.

या सगळ्या काळात छाती दाबायची वेळ एकदाही आली नव्हती. येणार कुठनं? तसल्या वयाचे पुरुष मुंबईत. त्यांची हृदयं तिकडं बंद पडत होती.

एकोणीस तारखेला सकाळी धक्क्यावर शिवराम उतेकर पडले. वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं मुंबईत ओझी उचलून दोन महिन्यांपूर्वीच कायमचे गावी आले होते. लाँचमधनं पत्र्याची पेटी उतरवताना छातीवर हात ठेवला आणि खाली बसले ते आडवेच झाले. डोक्यावरची टोपी तशीच. मी शंभर पावलांवर होते. पोचले, नाडी बघितली, नव्हती. बाही चढवली. त्यांची बायको सगुणाकाकू जवळच होती, तिच्या हातात श्वास द्यायची पिशवी दिली आणि कशी दाबायची ते दाखवलं. नानांनी आणि धक्क्यावरच्या माणसांनी त्यांना उचलून लाँचमध्ये घेतलं. हृदयाला विजेचा झटका देणारी पेटी लावली, तिनं झटका दिला. मी हात पुढं केला.

हात छातीवर गेला नाही. तो वर गेला, माझ्या डोक्याला लागला, थांबला, आणि मग खाली आला.

मला वाटलं मीच घाबरले. मग दाबायला लागले, तेव्हा बाहीनं उत्तम दाबलं, खोल, तालात, एकही दाब वाया नाही. तीस दाब, दोन श्वास. पुन्हा सुरू करायला हात पुढं केला, पुन्हा तो वर गेला. असं दर खेपेला. मी दात-ओठ खाऊन हात खाली ओढत होते आणि बाही तो वर नेत होती, शांतपणे, एखाद्या वळण लावणाऱ्या सासूसारखी. पाण्याच्या मध्यावर आल्यावर मी बाही दातांनी ओढून काढली आणि उघड्या हातांनी दाबत राहिले. पलीकडच्या धक्क्यावर दवाखान्याची गाडी उभी होती. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली.

सगळे मला म्हणाले, तू फार केलंस. माझा नवरा फोनवर म्हणाला, आयुष्याची दोरी तुटली तर तू काय करणार. पण संध्याकाळी जाऊबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. "हे विचारतायत," त्या म्हणाल्या, "की तुझा हात सारखा डोक्याला का जात होता?"

नानांनी मागं वळून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. एकटीच. बाही चढवली, मामंजींपुढं गुडघ्यावर बसले आणि हात अगदी सैल सोडला, स्वतःहून काही करायचं नाही म्हणून. बाहीनं माझा सैल हात उचलला, माझ्या डोक्याला लावला, थांबवला, आणि मग पुतळ्याच्या छातीवर नेऊन ठेवला. मी टोपी आणि कपडे काढून पुतळ्यावर साडी गुंडाळली. हात सरळ छातीवर. लहान मुलाचा पुतळा ठेवला, तरी सरळ. पुन्हा टोपी घातली, पुन्हा हात वर. मीच घातलेले कपडे, मीच पढवलेला हात.

मॅडम दुपारच्या लाँचनं आल्या. त्यांनी बाहीतली नोंद उघडली आणि एकेक खेप बोटानं मोजली. "दर वेळी चार सेकंद," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिल्या वेळी चार, आणि मग प्रत्येक खेपेला चार. हात थांबला की मेंदूकडं जाणारं रक्त थांबतं, अनसूयाताई. पुन्हा जोर धरायला आठ-दहा दाब जातात."

"म्हणजे त्यानंच गेले?"

"सांगता येत नाही. कदाचित तसेही गेले असते."

"आणि एक तारखेला हा हात एकोणचाळीस खोऱ्यांत जाणार."

त्यांनी खुर्ची ओढली. "हे बघा, मी आज कळवलं तर काय होईल ते सांगते. सगळ्या बाह्या परत मागवतील. चौकशी लागेल, वर्षभर तरी योजना बंद. त्या वर्षात बाळंतिणी मरतील, सापानं माणसं मरतील. तीन महिन्यांनी सुधारणा यायचीच आहे, तिच्यात मी हे गुपचूप दुरुस्त करते. बाही नसण्यापेक्षा चार सेकंद उशिराची बाही बरी की नाही?"

हिशेब चुकीचा नव्हता. बाई वाईटही नव्हत्या, त्यांचे डोळे भरले होते. पण माझं डोकं फिरलं. "मॅडम," मी म्हटलं, "तीन महिने त्या एकोणचाळीस ठिकाणच्या बायका माझ्यासारख्या हात खाली ओढत बसतील आणि त्यांना वाटेल आपणच भित्र्या. हे मला चालायचं नाही. तुम्ही कळवा. खरं खरं लिहा, खाली माझी सही घ्या. पण त्यातच लिहा, की वेळाणीच्या बायका एक तारखेच्या आत हात बदलून देतायत."

"अकरा दिवसांत?"

"अकरा."

त्यांनी लिहिलं. आम्ही दोघींनी सही केली. उत्तर आलं: बाह्या तूर्त राहतील, म्हाताऱ्या पुरुषांसाठी वापरायच्या नाहीत, एक तारखेला तपासणी. नापास झाल्या तर सगळ्या जमा.

सातही जणी कामाला लागलो. पदर कमरेला पिनांनी पक्के केले, ओढण्या घरी ठेवल्या. मामंजींपुढं बसायचं आणि हात सरळ छातीवर. चारावरनं आकडा अडीचवर आला आणि तिथंच अडकला. दोन दिवस हलेना. हात वर जाईना, पण हवेत थांबायचा. मॅडमनी कारण शोधलं. बाही हाताची हालचाल बघत नाही, नसांतला हुकूम वाचते. आमच्या मनात छातीकडं जायच्या आधी अजून एक "थांब" उठत होता. तो आम्हाला कळत नव्हता, बाहीला कळत होता. पुतळा रबराचा आहे हे ठाऊक असताना आम्ही तो "थांब" नुसता दाबत होतो, मोडत नव्हतो. तो मोडायचा तर खरा माणूस हवा. टोपीवाला, वडीलधारा, ज्याच्यापुढं डोकं झाकतो असा. जिवंत माणसाची छाती दाबायची नाही, नुसता हात योग्य जागी ठेवायचा आणि उचलायचा. पण ते शेकडो वेळा.

मॅडम म्हणाल्या, "बाहेरून माणसं आणते."

"परक्याचा उपयोग नाही," मी म्हटलं. "परक्याची कुठं लाज वाटते? आमचेच म्हातारे पाहिजेत."

म्हाताऱ्यांना विचारायच्या आधी मला एका घरी जाणं भाग होतं. सगुणाकाकू सुतकात होती, कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, पुतळ्याच्या कपड्यांपासून.

ती म्हणाली, "तू मधनं मधनं डोक्याला हात लावत होतीस ते मी बघितलं. मला वाटलं, देवाला नमस्कार करतीस." मग तिनं विचारलं, "चार शेकंद म्हंजी किती?"

मी मोजून दाखवलं. एक, दोन, तीन, चार.

"एवढंच?"

"दर वेळी एवढंच."

ती भिंतीकडं वळून बसली. मी तशीच उठून आले.

चोवीस तारखेला देवळात बैठक बोलावली. नऊ गावचे म्हातारे आले, नाना खांबाला टेकून बसले. मी सभामंडपाच्या कडेला उभी राहून काय पाहिजे ते सांगितलं. दगडूबाबा जंगम सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "आम्ही आडवं पडायचं आणि सुनांनी छातीवर हात ठेवायचा? सपकाळांच्या घरात लाज शिल्लक आहे का न्हाई?"

"आहे बाबा," मी म्हटलं. "ती सुटेना म्हणून तर तुमच्याकडं आले."

"मग ते मशीन बदला. माणसांना कशाला बदलता?"

"मशीननं स्वतःचं काही केलं नाही. आपण जे केलं तेच ते करतंय."

कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, तरुण पोरं जत्रेला येतील तेव्हा बघू. दुसरा म्हणाला, आमचं वय झालं, जायचं तेव्हा जाऊ. तेवढ्यात बाहेरनं आवाज आला. सुतकात देवळाची पायरी चढता येत नाही, म्हणून सगुणाकाकू खाली पाराशी उभी होती. घर सोडून यायचंच नसतं खरं तर, पण आली होती.

"जायचं तेव्हा जाऊ म्हणणाऱ्यांनो," ती म्हणाली, "आमच्या मालकांनीबी चाळीस वर्षं हेच म्हटलं. पण जाताना माझ्याकडं डोळं लावून गेलं. मी काय सांगू त्यांना, की पोरगी मान राखत होती? असला मान मला नको. त्यांनाबी नको होता." एवढं बोलून ती परत फिरली.

एकेक जण चप्पल घालून निघून गेला. नानाही गेले. मी घरी येऊन भाकरी थापल्या, एकही धड झाली नाही. सहा दिवस उरले होते आणि माझ्याजवळ रबराचा एक माणूस होता. पण मी मनाशी पक्कं केलं होतं, की उद्या सकाळी पुन्हा त्याच्यापुढंच बसायचं, आणि तपासणीत नापास झालो तर एकोणचाळीस खोऱ्यांत स्वतः फिरून प्रत्येक बाईला सांगायचं, की बाही गेली तरी थांबू नको, उघड्या हातानं दाब.

सकाळी सात जणी शाळेत जमलो. मॅडम टॅब्लेट घेऊन बसल्या. आठ वाजता दारात सावली पडली. नाना होते, मागं जाऊबाई. सवयीनं माझा हात पदराकडं गेला, पदर कमरेला पिनांनी जखडलेला. मी तशीच उघड्या डोक्यानं उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नानांनी चपला बाहेर काढल्या. मामंजींना दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यात बसवलं आणि त्यांच्या जागी चटईवर उताणे झोपले. टोपी काढली नाही. डोळे छताकडं लावले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी पाच म्हातारे येऊन झोपले. दगडूबाबा तिसऱ्या दिवशी आले आणि हात थंड आहेत म्हणून कल्पनावर डाफरले. सहा दिवसांत सात जणींनी मिळून अकरा हजार वेळा हात ठेवला आणि एक तारखेच्या सकाळी बाहीतला तो "थांब" पुसून गेला. तपासणीला आलेल्या साहेबांनी तीनदा मोजून बघितलं. एकोणचाळीस खोऱ्यांत आज जो हात आहे तो हा दुसरा. समितीनं माझ्यावर ताशेरे ओढले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्यापुढं नाना झोपले होते. मी गुडघ्यावर बसले. बाहीतला हात पुढं झाला आणि हवेत थांबला. सदऱ्याचं दुसरं बटण दिसत होतं, त्याच्या खालीच ठेवायचा होता. बावीस वर्षांचं वळण त्या वीतभर अंतरात अडकलं होतं. शेवटी हात टेकला. सदऱ्याखाली हाडं लागली, आणि त्यांचं काळीज धडधडत होतं. तेही घाबरले होते.

"तीन पूर्णांक आठ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

मी हात काढून घेतला. नानांनी छताकडची नजर काढली. जाऊबाई नेहमीसारख्या पुढं सरकल्या, निरोप घ्यायला. नानांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"अनसूया," ते म्हणाले, "मी मेलो असतो. परत ठेव."